कारवीची बिनफुलांची वर्षं

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला निघालेल्या माणसाच्या तोंडी सप्टेंबरमध्ये एक प्रश्न हमखास असतो : "यंदा कारवी आहे का?" सात वर्षांतून सहा वेळा त्याला 'नाही' असंच उत्तर मिळतं. २०१६ साली पठार कारवीनं भरलं होतं, त्यानंतर २०२३ साली, आणि हिशेब चुकला नाही तर पुढची पाळी २०३० सालची. मधल्या वर्षांत लोक तेरडा, सोनकी, सीतेची आसवं पाहून, फोटो काढून खाली उतरतात. वाटेच्या दोन्ही अंगांना खरबरीत पानांची, हिरवीगार, एकही फूल नसलेली झुडपं उभी असतात, त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. तीच कारवी. ती जेव्हा फुललेली नसते, तेव्हाच तिचं बहुतेक सगळं आयुष्य चाललेलं असतं. मला तिच्या फुलांपेक्षा या सहा वर्षांचं अप्रूप जास्त वाटतं.

कारवी म्हणून सह्याद्रीत ओळखली जाणारी झुडपं मुळात एकाहून अधिक आहेत. घाटाच्या उतारांवर, झाडांच्या सावलीत किंवा उघड्या डोंगरकुशीला माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी, सरळसोट काठ्यांची असते ती साधी कारवी, म्हणजे स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. कासच्या पठारावर गुडघ्या-मांडीएवढी, गोल घुमटासारखी वाढते ती टोपली कारवी, म्हणजे स्ट्रोबिलँथिस सेसिलिस. टोपली पालथी घालावी तसा तिचा आकार, म्हणून हे नाव. महाबळेश्वरकडचे मधपाळ याच कुळीतल्या व्हायटी आणि आखरा यांनाही वेगळं ओळखतात, कारण त्यांच्या फुलोऱ्याची वर्षं निराळी असतात. साधी कारवी आणि टोपली कारवी या दोघींची शास्त्रीय नोंद नीस फॉन एसेनबेक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८३२ साली केली. पुढे १९४४ साली ब्रेमेकांप या डच अभ्यासकानं ही मोठी प्रजात फोडून तिचे अनेक तुकडे केले, त्यामुळे काही पुस्तकांत या दोघी कार्व्हिया आणि प्लिओकॉलस या नावांनी भेटतात. अलीकडच्या अभ्यासकांनी त्या पुन्हा एकाच छत्राखाली आणल्या आहेत. घराघरांतला अडुळसा, कुंपणाची कोरांटी आणि वेणीतली अबोली ही सगळी याच कुटुंबातली.

टोपली कारवी जवळ बसून पाहायला हवी. तिचं कोवळं खोड दोन बोटांत धरलं तर गोल लागत नाही, चौकोनी लागतं. पानं जोडीजोडीनं, समोरासमोर येतात आणि त्यांना देठ जवळजवळ नसतोच, पान थेट खोडाला चिकटलेलं असतं. पानाच्या कडेला बारीक दाते, वर-खाली लव, आणि हात फिरवला की खरखर. फुलोऱ्याच्या वर्षी फांद्यांच्या शेंड्यांना लांबट कणसं धरतात. कणसावर केसाळ हिरवी छदं एकावर एक बसलेली असतात आणि त्यांच्या आडून फुलं एकेक, दोन-दोन करून बाहेर येतात. सगळं कणीस एकदम उमलत नाही, म्हणूनच पठाराचा निळसर जांभळा रंग काही आठवडे टिकतो. फूल घंटेसारखं, पुढे पाच पाकळ्यांच्या झालरीत उघडणारं. घशात डोकावलं तर आत लव दिसते. मधमाशी त्या घशात शिरते आणि पाठीवर परागांची पूड घेऊन बाहेर पडते. फुललेल्या कारवीत पाच मिनिटं गप्प उभं राहिलं तर आधी ऐकू येतो तो माश्यांचा आवाज.

आता हे झुडूप उभं असतं कशावर, ते बघा. कास समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आहे आणि त्याचा माथा जांभ्या दगडाचा आहे. आपल्याकडे अशा उघड्या कातळाच्या पठाराला सडा म्हणतात. सड्यावर माती नावालाच, काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. जून ते सप्टेंबर कातळावर पाणी साचून राहतं, मुळं पाण्यात बुडतात. ऑक्टोबर संपला की तोच कातळ वाळायला लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. बहुतेक छोट्या वनस्पतींनी यावर सोपा तोडगा काढला आहे : पावसात उगवायचं, घाईनं फुलायचं, बी टाकून मरायचं, किंवा जमिनीखाली कंद ठेवून वरचा संसार गुंडाळायचा. साताऱ्याच्याच नावानं १९८२ साली शास्त्राला माहीत झालेला वायतुरा (अपोनोजेटॉन सातारेन्सिस) कंदाच्या आधारावरच उन्हाळा काढतो. टोपली कारवी यांतलं काहीच करत नाही. ती कातळाच्या भेगेत, जिथे थोडी माती आणि ओल धरून राहते तिथे मुळं घालते आणि वर्षामागून वर्ष, पाऊस आणि ऊन दोन्ही सोसत उभी राहते. माझ्या मते कासचं खरं आश्चर्य हे आहे. रंगाचा गालिचा डोळ्यांना लगेच दिसतो, हा चिवटपणा मात्र थांबून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कासचं नाव जगात पोहोचलं ते २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशात घेतलं तेव्हा. त्यांतली महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यांतल्या चांदोलीचा काही भाग सांगली जिल्ह्यात आहे, हे सांगलीबाहेर फार थोड्यांना माहीत असतं. सांगली म्हटलं की हळद, द्राक्षं आणि पूर्वेला जत-आटपाडीची कोरडी माळरानं डोळ्यांपुढे येतात. तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण याच जिल्ह्याचं पश्चिम टोक, शिराळा तालुक्याचा वरचा भाग, वारणेच्या उगमाकडे सह्याद्रीच्या धारेपर्यंत जातं, आणि तिथे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. वारणेच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला असलेलं पाथरपुंज काही वर्षी महाबळेश्वरलाही मागे टाकतं. कारवी जिल्ह्याच्या नकाशावर नेमकी या पट्ट्यात आहे, खाली पेठ-इस्लामपूरकडे तिचा मागमूस नाही. जिथे घाटाचा पाऊस संपतो तिथे कारवीही संपते.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ ३१७.६७ चौरस किलोमीटर. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वसंतसागर जलाशयाच्या वरच्या बाजूला झोळंबीसारखे कातळसडे आहेत. कासवर जे गर्दीत पाहायचं ते तिथे माणसांच्या वावराबाहेर घडतं. उठून गेलेल्या गावांची शेतं आता गवताळ कुरणं झाली आहेत, त्यांवर गवे चरतात, आणि उतारांवर साध्या कारवीचं दाट रान आहे. त्या रानात दोन हातांपलीकडचं दिसत नाही. अस्वल, भेकर, रानडुक्कर यांना असा आडोसा दुसरा नाही. जांभ्याच्या कड्यावरून घसरणारी माती धरून ठेवण्याचं काम तिथे झाडांच्या बरोबरीनं कारवीची मुळं करतात. घाटवाटांवर चढणारे गडप्रेमी हे अनुभवानं जाणतात. निसरड्या उभ्या चढावर हाताला लागते ती कारवीच आणि सहसा ती उपटून हातात येत नाही.

आता मूळ कोड्याकडे येऊ. वर्षानुवर्षं न फुलता थांबायचं, मग एका विशिष्ट वर्षी डोंगरभर सगळ्यांनी एकदम फुलायचं, बी धरायची आणि मरून जायचं, ही रीत कारवीची एकटीची नाही. बांबूच्या कित्येक जाती हेच करतात. केळ आणि रस्त्याकडेची घायपातही एकदाच फुलून संपते, पण ती आपल्या शेजारणीची वाट बघत नाही, जिची वेळ येईल ती फुलते. कारवीचं वेगळेपण एकत्र फुलण्यात आहे. टोपली कारवी कासवर सात वर्षांनी येते. साधी कारवी मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे आठ वर्षांनी. केरळात मुन्नारच्या डोंगरांवर याच कुळीतली नीलकुरिंजी १२ वर्षांनी फुलते : १९९४, २००६, २०१८. एकाच प्रजातीतल्या या सगळ्या, पण प्रत्येकीचा आकडा स्वतःचा.

शिवाय एकाच जातीच्या कारवीचंही सगळ्या डोंगरांवर वर्ष एकच असेल असं नाही. एका रांगेत फुलोरा असतो तेव्हा दुसऱ्या रांगेत नुसती हिरवी काठी उभी असते. एवढंच काय, ठरल्या वर्षाच्या आगेमागे एखादं चुकार झुडूप जवळपास दरवर्षीच फुललेलं सापडतं. त्या एका झुडपाचा फोटो पाहून 'यंदा कारवी फुलली' अशी बातमी पसरते आणि शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. चुकार झुडूप आणि सामुदायिक फुलोरा यांत फरक आहे. कारवीचं वर्ष असतं तेव्हा विचारावं लागत नाही, लांबूनच सगळा उतार रंग बदललेला दिसतो.

असं एकत्र येण्यात काय साधतं? सगळ्यांत जास्त मानलं जाणारं उत्तर बियांशी जोडलेलं आहे. डॅनियल जॅन्झेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७६ साली बांबूच्या लांबलेल्या प्रतीक्षेवर जे विवेचन केलं ते कारवीलाही लागू पडतं. बी म्हणजे उंदीर, पाखरं, किडे यांचं खाद्य. झुडपांनी दरवर्षी थोडी थोडी बी दिली असती तर त्या बियांवर जगणारी तोंडंही दरवर्षी तेवढीच टिकून राहिली असती आणि मागे काहीच उरलं नसतं. मधली वर्षं कोरडी काढली की ती तोंडं वाढू शकत नाहीत. मग एका वर्षी इतकं बी पडतं, की खाणाऱ्यांनी पोटभर खाऊनही जमिनीवर भरपूर शिल्लक राहतं. अमेरिकेतल्या १३ आणि १७ वर्षांनी जमिनीतून एकदम वर येणाऱ्या झिल्ली किड्यांबद्दलही असाच विचार मांडला जातो. २०२४ साली तिथे या दोन्ही प्रकारांचे दोन मोठे थवे एकाच उन्हाळ्यात बाहेर आले होते. एकेकट्या बियाचं नशीब कसंही असो, सगळ्यांनी मिळून एकदम दिलेली बी वाया जात नाही. झुडूप वर्षं नेमकी मोजतं कशी, याची उकल मात्र वनस्पतिशास्त्रात अजून व्हायची आहे.

फुलोरा ओसरला की कणसांत बोंडं धरतात. थंडीत आणि उन्हाळ्यात ती वाळतात, झुडूपही वाळत जातं. कुटुंबातल्या इतरांप्रमाणे कारवीच्या बोंडात प्रत्येक बीखाली एक टणक आकडा असतो. वाळून ताणलेलं बोंड दोन फाकांत झटक्यानं उकलतं आणि त्या आकड्याच्या जोरावर बी दूर उडते. वाळलेल्या रानात पावसाच्या सुरुवातीच्या सरी पडल्या की बोंडं फुटण्याचा टचटच आवाज चहूकडून येतो. मग ओल धरल्या भेगांतून कोवळ्या रोपांची दाटी उगवते. त्यांतली बरीचशी एकमेकांच्या गर्दीत किंवा पुढच्या उन्हाळ्यात मरतात. उरतात ती पुढच्या पिढीची कारवी.

या चक्राशी माणसांचीही कामं जोडलेली होती. घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात कारवीच्या काठ्यांनी घरं उभी राहिली. काठ्या उभ्या-आडव्या गुंफून कुड करायचा, त्यावर आतून-बाहेरून शेणमाती लिंपायची, की भिंत तयार. वजनाला हलकी, वाऱ्याला पुरेशी आणि मुसळधार पावसाच्या मुलखात दरवर्षी थोडी डागडुजी केली की पुन्हा नवी. गवळी-धनगरांच्या वस्त्यांवर, कातकऱ्यांच्या खोपटांवर असे कुड होते. विटा आणि पत्रे आले तसे ते मागे पडले. मात्र कुडाचं घर बांधणाऱ्या माणसाला कारवी फुलली की पुढच्या वर्षी रान वाळणार, काठ्या आणि सरपण भरपूर मिळणार आणि त्यानंतर काही वर्षं चणचण भासणार, हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असायचं.

मधपाळांचंही तसंच. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माशीच्या पेट्या ठेवणारी कुटुंबं आहेत, आणि तिथलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. एरवी तिथे जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांवर मध मिळतो. कारवीच्या वर्षी मात्र माश्यांना उंबरठ्यावरच भांडार उघडल्यासारखं होतं. कारवीचा मध गडद आणि दाट असतो, त्याला स्वतःची वेगळी चव असते, आणि कित्येक घरांत तो एखाद्या बाटलीत पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवलेला असतो. व्यापारी वर्षावर्षाला सारखा माल मागतात. तो हिशेब कारवीच्या मधाला लावता येत नाही, हे ग्राहकांनीही समजून घ्यायला हवं. दरवर्षी 'शुद्ध कारवीचा मध' विकायला दिसला तर विचारावं, की तो कोणत्या डोंगरावरचा आणि कोणत्या फुलोऱ्याचा?

आता मला जे कळकळीनं सांगायचं आहे ते. कारवीचं जपणं म्हणजे फुलोऱ्याच्या दीड-दोन महिन्यांत गर्दी आवरणं, असं आपण धरून चाललो आहोत. गर्दी आवरायला हवीच. कासवर वन विभाग आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती मिळून हे काम करतात. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, ठरलेल्या वाटा, ही व्यवस्था बसली, त्यामुळे फुलांत लोळून फोटो काढणं पुष्कळ कमी झालं. पठाराला कुंपणही घातलं गेलं, आणि मग चराई थांबल्यामुळे गवत माजून लहान फुलं दबतात, अशी तक्रार गावकऱ्यांकडून आणि अभ्यासकांकडून पुढे आली. सड्यावर गुरं शेकडो वर्षं चरत आली आहेत. त्यांना एकाएकी बाजूला काढून पठार 'मूळ' अवस्थेत जातं हे गृहीत धरता येत नाही, या तक्रारीत मला तथ्य वाटतं. पण ही सगळी चर्चा फुलांच्या हंगामाभोवतीच फिरते.

कारवीचा सर्वांत नाजूक काळ मात्र फुलोऱ्यानंतरची दोन वर्षं हा आहे. फुललेली पिढी वाळून उभी असते, तिची बी जमिनीवर पडलेली असते, रोपं बोटभरही नसतात. त्या डोंगरावर दुसरी मोठी कारवी नसते, जी उणीव भरून काढेल. नेमक्या त्याच वेळी लक्ष उडालेलं असतं, कारण बघायला काहीच नसतं. तेव्हा एखादा रस्ता रुंद झाला, सड्यावरची माती उपसली गेली, हॉटेलासाठी सपाटी झाली, गाड्या कातळावर चढल्या, तर त्याचा जाब सात वर्षांनी विचारला जातो आणि तोवर कोणाला आठवतही नाही. केरळात नीलकुरिंजीसाठी कुरिंजीमला अभयारण्य जाहीर झालं ते २००६ साली, नेमकं फुलोऱ्याच्या वर्षी. फुलं समोर असताना निर्णय होतात. ती नसतानाही व्हायला हवेत.

आणि वणवा. सातारा आणि शिराळ्याच्या डोंगरांवर फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत वणवे दिसतात. बहुतेक माणसांनीच लावलेले : गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं येतं या समजुतीनं, कधी शेताचा बांध पेटवताना आग हाताबाहेर गेल्यानं, कधी विडीच्या थोटकानं. हिरवी कारवी आगीला थोडीफार तोंड देते. वाळलेलं कारवीचं रान मात्र एकदा पेटलं की विझवायला हाती काही लागत नाही, आणि त्या आगीत उभ्या काठ्यांबरोबर जमिनीवरची बीही जाते. म्हणजे जी बी उंदीर-पाखरांना पुरून उरावी म्हणून त्या झुडपानं सात वर्षं थांबून दिली, ती एका दुपारी संपू शकते.

म्हणून फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत जाळपट्टे लवकर आणि रुंद काढणं, गावच्या वणवा-पथकांना त्या काळात जास्त माणसं आणि मजुरी देणं, डोंगराच्या खालच्या अंगाला बांध जाळण्याच्या दिवसांची आधी कल्पना देणं, ही कामं कारवीच्या वर्षाच्या नियोजनात आधीपासून लिहिलेली असावीत. कास, कोयना, चांदोली, महाबळेश्वर अशा प्रत्येक डोंगरावर कारवी कोणत्या वर्षी फुलली याची नोंद ठेवणं तर शाळेतली मुलंही करू शकतात. त्या नोंदीवरून कोणत्या रानाचा धोक्याचा उन्हाळा कधी येणार हे आधीच सांगता येईल. साताऱ्यात आणि शिराळ्यात अशा वह्या ठेवायला उत्साही शिक्षक आहेत, डोंगर रोज पायाखाली घालणारे गुराखी आहेत, वनरक्षक आहेत. फुलोऱ्याचं गाव, महिना आणि वर्ष एवढं लिहिलं तरी पुरे.